जपानमध्ये ऐनवेळी उंची रेस्टॉरंटची जागा कशी मिळवावी

टोकियोतील नामांकित सुशी-काउंटरला साधारण आठ-दहा खुर्च्या असतात आणि संध्याकाळी दोन पंगती बसतात. पहिली साडेपाच-सहाच्या सुमारास आणि दुसरी साडेआठच्या आसपास. म्हणजे एका रात्रीत जेमतेम वीस माणसे जेवणार, आणि त्यांतही बरीचशी अशी की जी मागच्या खेपेला उठतानाच पुढची तारीख ठरवून गेलेली असतात. उरलेल्या खुर्च्या ठरलेल्या दिवशी, बहुधा महिन्याच्या पहिल्या तारखेला, पुढच्या किंवा त्यापुढच्या महिन्यासाठी ऑनलाइन खुल्या होतात आणि बघता बघता भरतात. त्यामुळे ज्याचे विमान आठवड्यावर आले आहे, किंवा जो जपानमध्ये पोहोचूनच बसला आहे, त्याला सगळीकडे ‘पूर्ण भरले आहे’ असाच शेरा दिसतो आणि तो सहसा तिथेच नाद सोडतो. प्रत्यक्षात याच शेवटच्या आठवड्यात बऱ्याच जागा परत बाजारात येतात. त्या केव्हा येतात आणि त्या पकडण्यासाठी हाताशी काय असावे लागते, हे कळले की काम पुष्कळ सोपे होते.

जागा परत का येतात

आरक्षण करून न फिरकणाऱ्या गिऱ्हाइकांचा जपानी खानावळींना मोठा जाच आहे. तिथल्या अर्थ, व्यापार व उद्योग मंत्रालयाने नेमलेल्या अभ्यासगटाने २०१८ मध्ये या नुकसानीचा अंदाज वर्षाला सुमारे २०० अब्ज येन इतका दिला होता आणि ठरावीक थाळीचे आरक्षण असेल तर पूर्ण रक्कम वसूल करणे रास्त आहे, असेही म्हटले होते. आठ खुर्च्यांच्या दुकानात दोन माणसे आली नाहीत तर त्या पंगतीची पाव कमाई जाते आणि पहाटे आणलेला मासाही वाया जातो, हे लक्षात घेतले तर दुकानदाराचा ताठरपणा समजू शकतो. आता उंची ठिकाणी आरक्षणाच्या वेळीच कार्डाचा तपशील घेणे किंवा सगळे पैसे आधी भरून घेणे, ही रूढ पद्धत झाली आहे.

रद्द करण्याचे शुल्क बहुतेक ठिकाणी पायऱ्यांनी वाढते. अमुक दिवसांपर्यंत काहीच नाही, मग काही टक्के, मग निम्मे आणि शेवटचे एक-दोन किंवा तीन दिवस पूर्ण रक्कम, असा तो क्रम असतो. आकडे मात्र प्रत्येक दुकानाचे वेगळे. ज्यांनी दोन-दोन ठिकाणे धरून ठेवलेली असतात किंवा ज्यांच्या बैठकीची तारीख हललेली असते, ते लोक पुढची पायरी चढण्याच्या आदल्या दिवशी जागा सोडतात. म्हणून आरक्षणाच्या पानावरची रद्द करण्याविषयीची कलमे सर्वांत आधी वाचावीत. दंड किती बसेल हे पाहण्यापुरती ती वाचण्यात अर्थ नाही. खुर्ची कोणत्या दिवशी मोकळी होण्याची शक्यता आहे, याचे ते वेळापत्रकच असते. शनिवारच्या जेवणाला तीन दिवस आधीपासून पूर्ण शुल्क लागणार असेल, तर खरी पहाऱ्याची वेळ मंगळवारी संध्याकाळी आणि रात्री आहे. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असल्याने तिथली मध्यरात्र म्हणजे पुण्या-मुंबईतले रात्रीचे साडेआठ, आणि तिथले सकाळचे दहा म्हणजे इथले साडेसहा. घरून निघण्यापूर्वीच शोध सुरू केला असेल तर हा हिशेब गजरात लावून ठेवावा.

दुसरी लाट अगदी त्याच दिवशी येते. आजारपण, चुकलेले विमान, जून-जुलैचा पाऊस, ऑगस्ट-सप्टेंबरातली चक्रीवादळे यांमुळे सुटलेल्या जागा दुकानदाराला काही तासांत भरायच्या असतात. पैसे त्याला कदाचित मिळालेलेही असतात, तरी काउंटरवर मधली खुर्ची रिकामी राहणे त्याला आवडत नाही. वादळाने रेल्वे बंद पडली नसेल आणि आपण शहरातच असू, तर अशा दिवशी प्रयत्न जरूर करावा.

आधीची तयारी

मोकळी झालेली खुर्ची पडद्यावर फार वेळ टिकत नाही, आणि भारतीय प्रवाशाची गाडी नेमकी पैसे भरण्यापाशी अडते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार नवी कार्डे केवळ देशांतर्गत वापरासाठी सुरू करून दिली जातात. परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमध्ये जाऊन स्वतः सुरू करावे लागतात आणि त्यांची मर्यादाही ठरवावी लागते. दोघांच्या रात्रीच्या जेवणाचे ८०,००० येन एका फटक्यात जाणार असतील, तर ती मर्यादा तेवढी आहे ना, हे आधीच पाहून ठेवावे. त्यात जपाननेही ऑनलाइन विक्रेत्यांना मार्च २०२५ अखेरपर्यंत कार्डधारकाची वेगळी पडताळणी लागू करायला सांगितले असल्याने ओटीपी येण्याची शक्यता वाढली आहे. तो ओटीपी भारतातल्या सिमवर येणार. प्रवासात केवळ डेटा देणारे ई-सिम घेऊन भारतीय सिम बंद करून ठेवणारे लोक इथे हमखास अडकतात. सिम फोनमध्ये सुरू राहू द्यावे, त्यावर रोमिंग चालू असावे आणि त्याचा डेटा तेवढा बंद ठेवावा. शक्य असेल तर ॲपमधून मंजुरी देणाऱ्या बँकेचे दुसरे कार्डही जवळ असावे.

आरक्षणाच्या संकेतस्थळांवर खाती आधीच उघडून, नाव पासपोर्टवर आहे तसे लिहून, कार्ड जोडून आणि ईमेलची खातरजमा करून ठेवावी. संपर्क क्रमांक देताना देशाचा +९१ हा संकेत लावता येतो का ते पाहावे. लावता येत नसेल तर हॉटेलचा क्रमांक द्यावा आणि तसे हॉटेलच्या स्वागतकक्षात सांगून ठेवावे, कारण दुकानातून फोन आला आणि तिथल्या माणसाला काहीच माहीत नसले तर आरक्षण हातचे जाऊ शकते. व्हॉट्सॲपवर कुणी संपर्क साधेल ही अपेक्षा मात्र ठेवू नये. जपानमध्ये लाइन हे ॲप चालते.

कोणते संकेतस्थळ कशासाठी

नावाजलेल्या सुशी आणि काइसेकी (एकामागून एक येणाऱ्या अनेक पदार्थांचे पारंपरिक जपानी जेवण) दुकानांसाठी ओमाकासे हे संकेतस्थळ पहिले उघडावे. तिथे जागेमागे थोडे शुल्क लागते आणि आवडीच्या दुकानांवर खूण करून सूचना मिळवण्याची सोय आहे. पॉकेट कन्सिअर्ज २०१९ पासून अमेरिकन एक्सप्रेसच्या मालकीचे आहे. तिथे जेवणाचे पैसे सहसा आधीच भरावे लागतात. टेबलऑल परदेशी प्रवाशांसाठीच चालते; त्याचे सेवाशुल्क बरेच जास्त आहे, पण ज्या दुकानांत एरवी अनोळखी माणसाची डाळ शिजत नाही तिथल्या काही जागा त्याच्याकडे असतात. एका संध्याकाळपुरता हा खर्च पटण्यासारखा आहे. रोजच्या जेवणासाठी नाही. टेबलचेक ही मुख्यतः रेस्टॉरंटांनी स्वतः वापरायची यंत्रणा असून मोठ्या हॉटेलांमधली बहुतेक भोजनगृहे तिच्यावर किंवा तशाच यंत्रणेवर असतात.

ताबेलॉग हे २००५ पासून चालू असलेले परीक्षणांचे संकेतस्थळ मात्र निवडीसाठीही लागते. आपल्याकडच्या ॲपांवर ४.२ पाहून समाधान मानणाऱ्यांनी तिथले गुण वेगळ्या नजरेने वाचावेत: ३.५ च्या वर गेलेले दुकान उत्तम समजले जाते आणि ४ ओलांडलेली दुकाने अगदी मोजकी आहेत. ऐनवेळी शोधणाऱ्याने ३.६ ते ३.९ या पट्ट्यात राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पाहुण्याच्या जिभेला या पट्ट्यातला आणि त्यावरचा फरक फारसा जाणवत नाही, जागा मिळण्याच्या शक्यतेतला फरक मात्र प्रचंड असतो. ताबेलॉगची जपानी आवृत्ती ब्राउझरच्या भाषांतरातून वाचली तर इंग्रजीपेक्षा अधिक माहिती दिसते, तरी तिथे आरक्षण करताना बऱ्याचदा जपानी मोबाइल क्रमांक मागतात.

पहारा ठेवताना एकाच तारखेला चिकटून बसू नये. जेवढ्या संध्याकाळी मोकळ्या असतील तेवढ्या सगळ्या, शिवाय दुपारची जेवणेही, आळीपाळीने तपासावीत. माणसांची संख्या बदलून पाहणे हाही उपयोगी उपाय आहे. दोघांसाठी ‘भरले’ दिसणाऱ्या रात्री एकट्याला जागा निघते, कारण काउंटरवर दोन-दोनच्या जोड्या बसल्यावर मधली एखादी खुर्ची उरते. जोडप्याने एकेक करून वेगवेगळ्या पंगतींना बसायचे की नाही, हे त्यांनी आपसात ठरवावे. चौघा-पाचजणांनी मात्र काउंटरचा हट्ट सोडून खासगी खोल्या असलेल्या काइसेकी रेस्टॉरंटकडे वळावे. तिथे मोठा गट म्हणजे अडचण ठरत नाही, उलट सोयीचा असतो.

नावामागे न धावता जागा कुठे असते

टोकियोच्या गिन्झा भागातल्या सुकियाबाशी जिरो या सुशी दुकानाचे नाव बहुतेकांच्या ओठांवर असते. त्या दुकानाला २००७ पासून मिशलॅन या रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचे तीन तारे होते, पण सामान्य माणसाला तिथे आरक्षणच मिळत नाही या कारणाने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या आवृत्तीतून मिशलॅनने ते वगळले. जे दार मुळात सर्वांसाठी उघडत नाही, त्यावर प्रवासातले चार दिवस थापा मारत बसण्यात हशील नाही. क्योटोतही जुन्या घराण्यांपैकी काही ठिकाणी ओळखीशिवाय आलेल्या पाहुण्याला नम्रपणे नकार देण्याचा रिवाज आहे.

त्याऐवजी मोठी आणि तरीही दर्जेदार घरे पाहावीत. गिन्झातले क्यूबेइ हे १९३५ पासूनचे सुशीचे दुकान अनेक मजल्यांवर पसरलेले आहे आणि काही मोठ्या हॉटेलांत त्याच्या शाखा आहेत. आठ खुर्च्यांच्या दुकानाच्या तुलनेत तिथे जागा मिळण्याची शक्यता साहजिकच जास्त. क्योटोच्या किकुनोइची स्थापना १९१२ ची. त्यांचे मूळ घर भरलेले असले तर त्याच शहरातले रोआन आणि टोकियोतली आकासाका येथील शाखा तपासावी. काही प्रसिद्ध सुशी दुकानांत मुख्य शेफच्या काउंटरखेरीज दुसरा काउंटरही असतो, जिथे त्याचे ज्येष्ठ शिष्य उभे राहतात. मासा तोच, भातही तोच, दर कमी आणि जागा सुलभ. मला तर ही सर्वांत शहाणपणाची निवड वाटते.

दुपारचे जेवण हा दुसरा मार्ग. रात्री ३०,००० ते ५०,००० येन घेणारी दुकाने दुपारी त्याच्या निम्म्याने किंवा त्याहूनही कमी दरात जेवू घालतात. प्रकार बदलूनही पाहावा: सुशीत काहीच हाती लागत नसेल तर तेंपुरा (पिठात बुडवून तळलेली मासळी व भाज्या), कोळशावर भाजलेली ईल मासळी, सोबा नूडल्सची काइसेकी किंवा हॉटेलातले तेप्पान्याकी (समोरच्या तापलेल्या लोखंडी तव्यावर भाजलेले जेवण) यांत जागा लवकर सापडते. शेवटच्या प्रकारात बहुधा गोमांस असते, हे न खाणाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्यावे. शहर बदलण्याची मुभा असेल तर टोकियोहून शिंकान्सेन या अतिजलद रेल्वेने सुमारे अडीच तासांवर असलेल्या कानाझावाचा जरूर विचार करावा. जपान समुद्रातल्या मासळीवर चालणारी तिथली सुशी दुकाने तोलामोलाची आहेत आणि गर्दी राजधानीइतकी नाही.

वारही पाहावेत. टोकियोचा घाऊक मासळीबाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये त्सुकिजीहून तोयोसूला गेला. तो रविवारी, सणांना आणि बऱ्याच बुधवारी बंद असतो, म्हणून पुष्कळ सुशी दुकानेही त्या दिवशी सुट्टी घेतात. रविवारी फिरण्यापेक्षा सोमवार-मंगळवारच्या उशिराच्या पंगतीवर लक्ष ठेवावे. एप्रिलअखेर ते मे महिन्याचा पहिला आठवडा, ऑगस्टचा मध्य आणि नववर्षाचे दिवस या काळात दुकाने तरी बंद असतात किंवा जागा तरी भरलेल्या. तेव्हा मोठ्या हॉटेलांच्या भोजनगृहांवरच भिस्त ठेवावी.

हॉटेलच्या कन्सिअर्जकडून काम कसे करून घ्यावे

दुकानदाराच्या दृष्टीने अनोळखी परदेशी पाहुण्यापेक्षा हॉटेलचा फोन भरवशाचा असतो, कारण पाहुणा आला नाही तर विचारायला कुणीतरी आहे. म्हणूनच उंची रेस्टॉरंट हा प्रवासाचा मुख्य हेतू असेल तर एक-दोन रात्री तरी खरा कन्सिअर्ज (पाहुण्यांसाठी आरक्षणे व इतर कामे करून देणारा कर्मचारी) असलेल्या हॉटेलात काढणे हिशेबात बसते. साध्या बिझनेस हॉटेलमध्ये स्वागतकक्षातला माणूस एखादा फोन करून देईल, त्याहून जास्त अपेक्षा करू नये.

कन्सिअर्जला आरक्षण झाल्याबरोबर, हॉटेलात पाऊल ठेवण्याची वाट न पाहता, ईमेल पाठवावा. त्यात आरक्षण क्रमांक, जेवायला चालतील अशा सगळ्या तारखा व वेळा, माणसे किती, माणशी खर्चाची वरची मर्यादा, पसंतीक्रमाने चार-पाच दुकाने, ‘ही न मिळाल्यास याच तोडीचे दुसरे चालेल’ असे स्पष्ट वाक्य, खाण्यातली बंधने आणि रद्द करण्याचे शुल्क मान्य असल्याची कबुली, एवढे सगळे एकाच वेळी असावे. ‘एखादे छान सुशी सुचवा’ असा मोघम निरोप पाठवला तर तीन-चार पत्रांची ये-जा होते आणि तेवढ्यात खुर्ची दुसऱ्याची होते. एक दक्षता अत्यावश्यक आहे: कन्सिअर्ज प्रयत्न करत असलेल्या दुकानासाठी आपण स्वतः किंवा क्रेडिट कार्डाच्या अशाच सेवेमार्फत समांतर प्रयत्न करू नये. एकाच नावाने दोन विनंत्या आल्या तर दुकान दोन्ही बाजूला ठेवू शकते, आणि कन्सिअर्जची तिथली पतही खर्ची पडते.

हॉटेलची मदत नसेल तर फोन उरतो. तो दुपारी दोन ते साडेचारच्या दरम्यान करावा. तेव्हा दुपारचे जेवण आटोपलेले असते आणि संध्याकाळची लगबग सुरू झालेली नसते. काउंटरवर पाहुणे बसलेले असताना आलेला परका फोन शेफला उपद्रवच वाटतो. भारतीय फोनवरून लावताना +८१ नंतर क्रमांकातले सुरुवातीचे शून्य गाळावे. भाषा येत नसेल तर ‘कोन्या, फुतारी, सेकी वा आइते इमासु का’ म्हणजे ‘आज रात्री दोघांसाठी जागा आहे का’ एवढे विचारता येते, पण पुढच्या प्रश्नांना उत्तर देता आले नाही तर ज्या दुकानात माणशी चाळीस हजार येन घेतात ते आरक्षण घेणार नाहीत, आणि त्यांचे चुकतेही नाही. थेट दारावर जाणे छोट्या काउंटरच्या बाबतीत टाळावे.

ठरलेली आरक्षणे चढ्या दराने विकणाऱ्या मध्यस्थांपासूनही दूर राहावे. नाव जुळले नाही तर दारातून परत फिरावे लागते आणि भरलेले पैसे परत मिळवण्याचा मार्ग सहसा उरत नाही.

शाकाहारी आणि पथ्य पाळणाऱ्यांसाठी

आपल्याकडच्या प्रवाशांचा हा कळीचा मुद्दा असून ऐनवेळच्या आरक्षणात तो निर्णायक ठरतो. सुशी-काउंटरवर किंवा काइसेकीत शेफने ठरवलेला क्रम असतो आणि त्याची खरेदी आधीच झालेली असते. शिवाय भाजी, टोफू, अंड्याचे पदार्थ यांतही सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क, म्हणजे दाशी, मुरलेला असतो. तो ‘बाजूला काढून’ देता येत नाही. म्हणून ‘मी शाकाहारी आहे, काहीतरी जमवा’ असे त्याच दिवशी सांगणे म्हणजे आरक्षण नाकारायला कारण देणे होय. केवळ गोमांस आणि डुकराचे मांस नको असेल तर सुशी, तेंपुरा आणि ईलच्या दुकानांत अडचण क्वचितच येते, तरी आरक्षणाच्या वेळी ते लिहावेच. मासे खाणाऱ्या पण कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर बुकिंगच्या पहिल्याच ओळीत ते सांगितले पाहिजे.

पूर्ण शाकाहारी मंडळींनी बौद्ध मठांच्या परंपरेतल्या शोजिन भोजनाकडे वळावे. टोकियोत आतागो भागातले दाइगो हे बागेकडे उघडणाऱ्या खासगी खोल्यांचे उंची ठिकाण आहे. क्योटोत आराशियामातल्या तेन्र्यूजी मंदिराच्या आवारातले शिगेत्सू दुपारचे शोजिन जेवण देते आणि त्याचा खर्च काइसेकीच्या मानाने पुष्कळ कमी आहे. परंपरेने या स्वयंपाकात कांदा-लसूण वर्ज्य असतात, ही जैन प्रवाशांना सोयीची गोष्ट. कंदमुळे मात्र सर्रास वापरली जातात. मठाबाहेरच्या शोजिन रेस्टॉरंटातही दाशी माशाची की कोम्बू समुद्रशेवाळाची, हे आरक्षण करतानाच स्पष्ट विचारून घ्यावे. मांसाहारी आणि शाकाहारी असा मिश्र गट असेल तर सगळ्यांना एका सुशी-काउंटरवर बसवण्याचा अट्टहास करू नये. मोठ्या हॉटेलातले जपानी भोजनगृह दोन दिवसांच्या सूचनेवर वेगळा क्रम करून देण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

जागा मिळाल्यानंतर

पक्के झाल्याचा ईमेल आला तरी पुढचे एक-दोन दिवस पत्रपेटी पाहत राहावी. काही दुकाने पुन्हा एकदा येण्याची खातरी मागतात आणि उत्तर आले नाही तर जागा सोडून देतात. पत्ता नकाशावर आधी पाहून घ्यावा, कारण गिन्झात आठव्या मजल्यावरचे किंवा तळघरातले दुकान, पाटी केवळ जपानीत, हे नेहमीचे चित्र आहे. सगळ्यांना एकाच वेळी वाढायला सुरुवात होत असल्याने पाच-दहा मिनिटे आधी पोहोचावे; पंधरा मिनिटांच्या उशिरानंतर आरक्षण रद्द समजण्याचा नियम अनेक ठिकाणी लिहिलेला असतो. अत्तर लावून जाऊ नये, कच्च्या मासळीचा गंध त्याने मारला जातो आणि काही दुकाने त्यासाठी दारातूनच परत पाठवतात. लहान मुले सोबत असतील तर वयाची अट आधी वाचावी. काउंटरवर बारा वर्षांखालील मुलांना अनेकदा प्रवेश नसतो.

छापील दरात दहा टक्के उपभोगकर धरला आहे का आणि दहा टक्क्यांच्या आसपास सेवाशुल्क वेगळे लागणार का, हे आरक्षणाच्या पानावर पाहावे, म्हणजे बिल पाहून दचकायला होत नाही. बक्षिसी देण्याची पद्धत नाही. बेत बदललाच तर शुल्क लागणार असले तरी, कळल्याबरोबर रद्द करावे. जेवण मनापासून आवडले आणि पुढच्या वर्षी पुन्हा येण्याचा बेत असेल, तर बिल देताना पुढची तारीख मिळेल का, असे विचारून पाहावे. ऑनलाइन कधीच न दिसणाऱ्या खुर्च्या अशाच भरतात.